आठवड्याचा बाजार

आठवड्याचे वार सात. त्यांतला एक वार बाजाराचा. त्या दिवशी सकाळपासून घरात लगबग असते. बायका थैल्या झटकतात. पोरे मुरमुऱ्यांची आणि भज्यांची वाट पाहतात. मजुरीचे पैसे हाती आलेले असतात. त्यांतला बराच भाग त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खर्च होतो. म्हणून बाजाराचा धडा हा साक्षरांच्या पुस्तकात असलाच पाहिजे, असे मला वाटते.

बाजाराचा वार पूर्वीपासून मोठा. इतका मोठा, की त्यावरून वस्त्यांना नावे पडली. नागपूरला इतवारी आहे, मंगळवारी आहे, बुधवारी आणि शुक्रवारीही आहे. पुण्यात तर सातही वारांच्या पेठा आहेत. इतवारीत आता रोजच बाजार असतो. पण नाव इतवारचेच राहिले.

आठवडी बाजारात माल स्वस्त का मिळतो? विचार करून पाहा. शहरातल्या दुकानदाराला दुकानाचे भाडे असते, विजेचे बिल असते, नोकर असतो. आपल्या बाजारातली बाई जमिनीवर एक फारी टाकते आणि बसते. छप्पर नाही, दार नाही, कुलूप नाही. आज या गावात, उद्या त्या गावात. आपण दुकानाकडे जायचे, त्याऐवजी दुकानच आपल्या गावाला येते. तिला जागेपुरते थोडे पैसे द्यावे लागतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम हा १९५८ सालचा कायदा. त्या कायद्याने ग्रामपंचायतीला बाजारात बसणाऱ्यांकडून कर किंवा फी घेता येते. पुष्कळ गावांत पंचायत या वसुलीचा लिलाव करते, आणि मग ठेकेदाराचा माणूस फिरून पैसे गोळा करतो. तुमच्यापैकी कोणी बाजारात बसत असेल, तर एक करा. पैसे दिले की पावती मागा. पावतीवर छापलेला आकडा वाचा. दिलेले पैसे आणि पावतीवरचा आकडा सारखे आहेत का, हे आता तुम्हांला वाचता येते.

बाजारात भाजी विकणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक बाडीवाले. आपल्या बाडीत पिकवले, पहाटे तोडले आणि आणून विकले. आपल्या भंडारा जिल्ह्यात मरार आणि माळी समाजातील पुष्कळ घरे पिढ्यानपिढ्या हेच काम करीत आली. बाडीवालीपुढे दोन-तीनच जिन्नस असतात. वांगे लहान-मोठे असते, मुळ्याला माती लागलेली असते. दुसरे व्यापारी. ते मोठ्या मंडीतून पोती घेतात आणि बाजारोबाजार विकतात. त्यांच्यापुढे आलू असतात, कांदे असतात, लसण, अद्रक असते. कांदा पुष्कळदा नाशिककडून येतो. आलू उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून येतात. शेतकरी, अडत्या, मोठा व्यापारी, लहान व्यापारी, आणि मग तुम्ही. इतक्या हातांतून माल येतो. प्रत्येक हाताला काही तरी राहते. गाडीभाडे लागते. वाटेत काही सडते, त्याचाही पैसा भावात धरलेला असतो. म्हणून शेतकऱ्याला दहा रुपये मिळालेली वस्तू आपल्याला पंचवीसला मिळाली, तर शेवटचा विक्रेताच पंधरा रुपये खातो असे समजू नये.

जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. शेतकऱ्याला आपली भाजी थेट गिऱ्हाइकाला विकायला मोकळीक झाली. आपल्या आठवडी बाजारात ही चाल पहिल्यापासूनच होती. बाडीवाली आणि तुम्ही समोरासमोर असता, मध्ये कोणी नसतो.

आता बाजाराला निघू. पण थांबा. आधी कागद आणि पेन्सिल घ्या.

घरात काय आहे ते पाहा, काय नाही ते लिहा. माणसे किती, दिवस किती, तेही मनात धरा. पुढचा बाजार सात दिवसांनी आहे. सात दिवस पुरेल असे आणायचे, पण सडू द्यायचे नाही. ही खरी घरच्या बाईची अक्कल. पालेभाजी एक-दोन दिवस टिकते. ती बाजाराच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी शिजवावी. भेंडी, वांगी, दोडके, बरबटी हे पुढचे तीन दिवस. कोहळे, आलू, कांदे शेवटच्या दिवसांसाठी. कोहळे तर न चिरता महिना-महिना राहते. या क्रमाने यादी केली, तर सहाव्या दिवशीही घरात भाजी राहते. नाही तर तीन दिवस चैन आणि चार दिवस नुसते मीठ-मिरची.

माणसाला रोज भाजी किती लागते? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने रोज निदान ४०० ग्रॅम भाजी आणि फळे मिळून खावी. त्यात आलू मोजायचा नाही. आता पाच माणसांच्या घराचा हिशेब करा.

४०० × ५ = २००० ग्रॅम, म्हणजे २ किलो.
२ किलो × ७ दिवस = १४ किलो.

चौदा किलो! वाचून कोणी हसेल. मजुराच्या घरी चौदा किलो भाजी कोण आणतो? चाळीस रुपये किलो धरली, तर ५६० रुपये होतात. खरे आहे. पण आकडा यासाठी सांगितला, की आपण किती कमी खातो हे कळावे. बाजारातून पाच किलो येत असेल, तर बाकीची कुठून तरी जमवली पाहिजे. घरामागे नहाणीचे पाणी वाहून जाते. तिथे भेंडी होते, वाल होतो, छपरावर कोहळ्याचा वेल चढतो. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पाने फुकट मिळतात. बोरे, जांभळे, पेरू ही फळेच आहेत. थंडीत तळ्यातले शिंगाडे येतात. शिंगाडा पोटाला आधार देतो, पण भाजीच्या मोजणीत त्याला धरू नका. बाजारात आलेली पोते-पोते फुलकोबीच तेवढी भाजी, असे नाही.

एक गोष्ट येथेच सांगतो, विसरायला नको. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, विकायला येतात. ते कच्चे खाऊ नयेत. चिरून चांगले उकळावे, ते पाणी फेकावे, मग भाजी करावी. कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. लवकी चिरल्यावर तिचा एक लहान तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागली, तर ती सगळी फेकून द्या. कडू लवकीने माणसे दगावली आहेत. दहा रुपयांसाठी जीव धोक्यात घालू नका. हिरवे पडलेले आलूही घेऊ नका.

आता भावाकडे या.

"वांगे कसे लावले वो माय?"

"पावाला बारा."

"अन् किलोला?"

"किलोला चाळीस देईन."

पाव म्हणजे २५० ग्रॅम. एका किलोत चार पाव. पावाला बारा, तर चार पावांना ४८ रुपये. पण किलो एकदम घेतले तर चाळीसच. आठ रुपयांचा फरक पडला. पुष्कळ बाया पावाचा भाव ऐकतात आणि खाली बसतात. 'बारा' हा आकडा कानाला लहान लागतो. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. म्हणून भाव नेहमी किलोचा विचारावा. मग पावच घ्या, हरकत नाही. घरात दोघेच असतील आणि किलो जास्त होत असेल, तर शेजारणीला सोबत घ्या. किलो घेऊन दोघींनी अर्धे-अर्धे वाटून घ्या.

कोणी पावाचा भाव सांगतो, कोणी अर्ध्या किलोचा, कोणी ढिगाचा. एक म्हणतो, "पावाला पंधरा." दुसरा म्हणतो, "अर्धा किलो पंचवीस." स्वस्त कोण? पहिल्याचे किलोचे साठ झाले, दुसऱ्याचे पन्नास. सगळ्यांचे किलो करून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. ढिगाचे तर फारच फसवे. भेदऱ्यांचा एक ढीग दहा रुपयांना. दिसायला छान. एकदा असा ढीग काट्यावर ठेवून पाहा. दीडशे ग्रॅम भरला, तर भाव किलोला जवळजवळ ६७ रुपये पडला. अडीचशे भरला, तर चाळीस. ढीग पाहून ही गोष्ट डोळ्याला कळत नाही. मात्र मिरची-सांभार असा दहा रुपयांचा जिन्नस असेल, तर ढीग चालतो. तिथे काटा मागत बसणे काही शोभत नाही.

माझ्या लहानपणी घरातली म्हातारी माणसे 'शेर' म्हणत. शेर म्हणजे ८० तोळे, आजच्या मापाने सुमारे ९३३ ग्रॅम. चाळीस शेरांचा एक मण. शेराचा सोळावा भाग छटाक. वेगवेगळ्या मुलखांत शेरही वेगवेगळे असत. एका गावचा शेर दुसऱ्या गावी चालत नसे, आणि त्या घोटाळ्यात अडाणी माणूस बुडत असे. सरकारने १९५६ साली कायदा केला. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणला, आणि १९६२ पासून वजनासाठी किलोग्रॅम सक्तीचा झाला. नाणीही तशीच बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. त्याआधी सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. चार आण्यांचे, म्हणजे पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. 'चार आण्यांचा सांभार' आता नुसता बोलण्यात उरला. पण 'पाव' मात्र गेला नाही. तो शेराचा होता, किलोचा झाला.

किलो सगळीकडे सारखा, हे कायद्याने ठरले. काट्यावर तो पुरा भरतो का, हे आपण पाहायचे.

तराजू असेल तर दोन्ही पारडी रिकामी असताना पाहा. काटा बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. तराजू वर उचलून धरलेला असावा. पारडे जमिनीला किंवा गुडघ्याला टेकलेले नसावे. वजन लोखंडाचे असावे, दगडाचे नको. बहुतेक लोखंडी वजनांना तळाशी एक खाच असते. तिच्यात शिसे भरून त्यावर सरकारी निरीक्षकाचा ठसा मारलेला असतो. ते शिसे निघून गेले, की वजन हलके होते आणि माल कमी येतो. वजने आणि साधा तराजू दर दोन वर्षांनी तपासून ठसा मारून घ्यायचा असतो. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी. ज्या खात्याकडे हे काम आहे, त्याचे नाव वैधमापन शास्त्र. सध्याचा कायदा २००९ सालचा आहे, तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला.

इलेक्ट्रॉनिक काट्यावर लोकांचा फार विश्वास. लाल आकडे दिसले की मान हलवतात. पण काटासुद्धा चुकीचा असू शकतो. माल ठेवण्याआधी त्यावर शून्य आहे का, हे वाचा. टोपली ठेवून शून्य केले असेल, तर तीच टोपली वापरली जाते का, हे पाहा. काटा डगमगत्या फळीवर असेल, तर सरळ करायला सांगा.

आणि एक सोपी युक्ती सांगतो. बाजारात मिठाची एक किलोची बंद पिशवी घ्या. मीठ लागतेच. पिशवीवर 'निव्वळ वजन १ किलो' असे छापलेले असते, ते वाचा. मग भाजीवाल्याला गोडीने म्हणा, "भाऊ, हे मीठ जरा ठेवून पाहू द्या." काट्यावर १००० पेक्षा थोडे जास्त दिसले पाहिजे. जास्तीचे पाच-सात ग्रॅम प्लास्टिकच्या पिशवीचे. १००० पेक्षा फारच वर गेले, ११०० दिसले, तर काटा जास्त दाखवतो. मग असा काटा जेव्हा एक किलो म्हणतो, तेव्हा तुमच्या थैलीत खरे सुमारे ९१० ग्रॅम पडतात. किलोमागे नव्वद ग्रॅम गेले.

नव्वद ग्रॅम म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. आठवड्याला पाच किलो भाजी घेता. पाच नव्वदे साडेचारशे ग्रॅम. वर्षाचे आठवडे ५२. साडेचारशे गुणिले बावन्न, म्हणजे २३ किलो ४०० ग्रॅम. चाळीस रुपयांनी ९३६ रुपये झाले. इतक्यात एका पोराचे वर्षाचे वह्या-पेन आणि एखादा सदरा येतो. काटा मारणारा एका वेळी एक वांगे घेतो. वर्षाचा हिशेब कोणी करीत नाही, म्हणून त्याचे चालते.

पण प्रत्येक वाईट काटा लबाडीचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. काटा जुना झालेला असतो, बॅटरी उतरलेली असते, पावसात भिजलेला असतो. विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कधी तर काटा कमी दाखवतो आणि तो बिचारा रोज जास्त माल देऊन बसतो. तेव्हा मिठाची पिशवी ठेवली, म्हणजे भांडण उकरले असे होऊ नये. आधी सांगावे, दाखवावे. ऐकलेच नाही आणि दर बाजारी तसेच चालले, तर वैधमापन शास्त्र खात्याच्या निरीक्षकाकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो फोनवर लावला की तक्रार सांगता येते. अर्ज लिहिणे हा पुढचा धडा. तो आलाच.

आता घासाघीस. घासाघिशीशिवाय बाजार नाही, असे म्हणतात. मी तसे मानत नाही. व्यापाऱ्याशी भाव करावा. तीन ठिकाणी विचारून करावा. तो तेवढे धरूनच सांगतो. पण बाडीवालीशी करताना आधी तिचा हिशेब पाहा.

समजा, एक बाई मेथीच्या चाळीस जुड्या घेऊन आली. जुडीला दहा रुपये. सगळ्या विकल्या, तर ४०० रुपये. ऑटोचे जाण्या-येण्याचे ६० रुपये. बाजाराची पावती १० रुपये. सुतळी आणि चहा १० रुपये. राहिले ३२०. या ३२० मध्ये बियाणे आहे, शेणखत आहे, पाणी देणे आहे, निंदण आहे. पहाटे चारला उठून मेथी उपटणे आहे, धुणे आहे, जुड्या बांधणे आहे. दिवसभर उन्हात बसणे आहे. सासू आणि सून अशा दोघी राबल्या, तर एकीच्या वाट्याला १६० आले.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाने दोन-दोन रुपये तोडले. जुडी आठला गेली. चाळीस जुड्यांचे ३२० आले. खर्च तेवढाच, ८० रुपये. राहिले २४०. आपल्या हिशेबात दोनच रुपये वाचले. तिच्या हिशेबात चार आण्यांचा फटका बसला, म्हणजे रुपयातला पाव भाग गेला. एकीचे १६० होते, ते १२० झाले.

दोन रुपये तुमचेही कष्टाचेच आहेत, हे मला ठाऊक आहे. पण दोन रुपये वाचवायची जागा तिथे नाही. ती जागा काट्यावर आहे, पावाच्या आणि किलोच्या भावात आहे. घरी सडणाऱ्या भाजीत तर ती सर्वांत मोठी आहे. वजन पुरते घ्यावे, भाव तिचा द्यावा. आणि वरून एक मुळा मागू नये. ती आपणहून टाकेल, तर घ्यावा.

सडण्याचे बोललो, तर संध्याकाळच्या बाजाराचेही सांगतो. सकाळी माल ताजा असतो, भाव चढा असतो. दिवस कलला की भाव उतरतो. विकणाऱ्याला परत न्यायचे ओझे नको असते. हाक ऐकू येते, "घ्या घ्या, तीन किलो पन्नास!" सकाळी भेदरे पंचवीस रुपये किलो होते. आता तीन किलो पन्नासला, म्हणजे किलोला सतराच्या आतच. स्वस्त खरे. पण घरी आणून दुसऱ्या दिवशी पाहिले, तर एक किलो गळलेले. उरले दोन किलो. पन्नासला दोन किलो, म्हणजे पंचवीसच रुपये किलो पडले. सकाळचाच भाव झाला, आणि वर सडके फेकण्याचे काम लागले. चटणी करून टाकणार असाल, त्याच रात्री शिजवणार असाल, पाहुणे आले असतील, तर उतरता बाजार जरूर घ्या. आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात पालेभाजी घेताना जुडी सोडून आतले पान पाहा. बाहेरचे हिरवे, आतले कुजलेले, असे असते. जुडीवर पाणी मारून ठेवलेले असते. त्याने पाने ताजी दिसतात आणि लवकर कुजतातही. घरी आल्यावर जुडी सोडून पसरून ठेवा.

भेंडीचे टोक कट्‌कन मोडले पाहिजे. वांगे हातात जड वाटले तर आत बी फार. हलके आणि चकचकीत घ्यावे. देठ हिरवा असावा. दोडका वाकून न मोडला, तर जून. इतके तर तुम्ही मला शिकवाल.

हंगामाचे मात्र लिहून ठेवण्यासारखे आहे. थंडीत फुलकोबी, भेदरे, मेथी, वाटाण्याच्या शेंगा, पोपटाच्या शेंगा उदंड येतात. भाव पडतात. जून-जुलैत तेच भाव चढतात, कारण उन्हाने बाड्या वाळलेल्या असतात आणि नवे पीक अजून आलेले नसते. पौषात भेदरे वाळवून ठेवले, मिरच्या सांडग्यासाठी भरल्या, तर आषाढात उपयोगी पडतात.

पैसे देणे-घेणेही शिकण्यासारखे आहे. पुष्कळ लोक वजाबाकीला भितात. त्यांनी मोजत वर चढावे. भाजी ६७ रुपयांची झाली आणि तुम्ही शंभरची नोट दिली. मनात म्हणा, सदुसष्ट आणि तीन सत्तर, सत्तर आणि तीस शंभर. तेहतीस रुपये परत आले पाहिजेत. ते मोजूनच पुढे सरका. दहा रुपयांचे नाणे घेत नाही, असे कोणी म्हणाले, तर त्याला सांगा की ते चालते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले, की तोवर दहा रुपयांची निरनिराळ्या छापांची चौदा नाणी निघाली होती आणि सगळी खरी आहेत.

आता फारीवर बसणाऱ्या बाईपुढेही चौकोनी ठिपक्यांचा कागद दिसतो. मोबाइलने त्यावरून पैसे जातात. तुम्ही मोबाइलने पैसे देत असाल, तर पडद्यावर आलेले नाव वाचा आणि आकडा वाचा. ७० आहे की ७००, हे पाहून मगच गुप्त आकडा घाला. गुप्त आकडा पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. पैसे पाठवतो, आकडा टाका, असे कोणी सांगितले, तर तो ठग समजावा. आणि पोराला पैसे द्यायला लावले, तरी त्याने कोणता आकडा टाकला, हे तुम्ही पाहायला हवे. वाचता येते ना आता?

घरी आल्यावर दिव्याखाली बसा. वहीच्या पानावर पाच रकाने आखा. तारीख, जिन्नस, वजन, भाव, रक्कम. वजन आणि भाव ठाऊक असले की रक्कम काढता येते. रक्कम आणि वजन ठाऊक असले की भाव निघतो. असे चार-पाच बाजार लिहिले, की मागची पाने उलटून पाहा. कोणाकडून काय घेतले आणि ते किती दिवस टिकले, हे कळते. दुकानदाराच्या वहीत उधारी लिहिली जाते, ती त्याच्या अक्षरात. ही तुमच्या अक्षरातली वही. एका गावात मी पाहिले, की एक म्हातारी सहीपुरतेच लिहायची. ती वांग्याचे चित्र काढून पुढे आकडे लिहायची. तेही चालते.

आता पुढचे हिशेब घरी करून पाहा, आणि बाजाराच्या दिवशी वही घेऊन या.

आलू ३० रुपये किलो. दीड किलोचे किती?

भेंडी पावाला १५ रुपये. किलोला किती? दुसरीकडे किलोला ५० रुपये आहे. तुम्हांला अर्धा किलो हवी आहे आणि दोन्हीकडची भेंडी कोवळी आहे. कोणाकडून घ्याल, आणि किती वाचतील?

तुमच्या घरी माणसे किती? मागच्या आठवड्यात बाजारातून, बाडीतून आणि रानातून मिळून भाजी किती किलो आली? दर माणशी रोजची किती ग्रॅम पडली?